पायथ्याची पुडी

प्रिय मुंगळ्या,

मीठ तू एकदाच घातलं होतंस. हे वाक्य सगळ्यात आधी लिहिते आहे, कारण पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू पत्र उघडशील की तसंच भंगाराच्या खोक्यात टाकशील याचा मला भरवसा नाही. उघडलंस तरी दोन ओळींपुढे जाशील असं नाही. तर दोन ओळींत मावेल एवढं हेच. मीठ तू एकदाच घातलं होतंस, मापात घातलं होतंस, आणि चुकले ते मी. आता फाडायचं असेल तर फाड. पण तू फाडणार नाहीस. अर्धवट गोष्ट ऐकून तुला लहानपणी कधी झोप लागली नाही, आता काय लागणार आहे!

बावन्न वर्षांच्या माणसाला मुंगळ्या म्हणते म्हणून रागावू नकोस. तुझ्या सायकलच्या दुकानात हे पत्र कुणाच्या हाती पडलं तर चार दिवस हसतील तुला, हसू देत. साखरेच्या डब्यात हात घालून तू खाटेखाली जाऊन बसायचास, आणि आई ओरडत आली की तिथे फरशीवर दाण्यांच्या रांगा. मोठे दाणे एकीकडे, बारीक एकीकडे. खायचं सोडून हा मुलगा साखर निवडतोय म्हणून आईनं कपाळाला हात लावला होता. मी तेव्हा खूप हसले होते. तुझ्या हातांना दाण्यांचं काहीतरी कळतं, हे तेव्हाच दिसत होतं आम्हाला, पण आम्ही शहाणी माणसं.

माझं म्हणशील तर गुडघे सोडून सगळं ठीक. या महिनाअखेरीला मी निवृत्त होते आहे. चौतीस वर्षं त्याच तपासणीच्या खोलीत, त्याच खिडकीपाशी, कोंबड्यांचं खाद्य जाळून, विरघळवून, वजन करून झालं. कारखाना आहे तसाच आहे. धूळ तीच. चहा दोन मिनिटं ठेवला की मक्याच्या पिठाची साय धरते. लोडर चालवणारा पहिलवान आठवतो ना? त्याला आता साखरेचा त्रास, वाळून काठी झालाय, पण नाव काही सुटत नाही. परवा नवीन आलेल्या एकानं विचारलं, पहिलवान कोण, तर ह्यानं छाती काढून दाखवली आणि त्या नादात खोकला लागला. तुझी चौकशी करतो तो. मला नाही विचारत, माझ्यासमोर विषय काढत नाही कुणी. इतरांना विचारतो.

आता मुद्द्यावर येते. तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहिणार आहे, कारण मला ते आत्ता कळलंय. आपल्याकडे मिक्सरमधून निघालेलं खाद्य पाईपातून थेट पोत्यांत जायचं. पोती भरायचं यंत्र बंद पडलं की मात्र ते शेडमध्ये जमिनीवर सोडावं लागायचं, ढीग करून. अशा दिवशी तू मिक्सर सोडून खाली यायचास, पाईपाच्या तोंडाला दोरी बांधायचास आणि ती धरून शेडभर फेऱ्या मारायचास. इकडून तिकडे, तिकडून इकडे, दोन-दोन तास. पाईप एका जागी ठरू द्यायचा नाहीस. सगळे म्हणायचे, आज ह्याची म्हैस फिरायला निघाली. मीसुद्धा म्हणायचे. का फिरवतोस विचारलं की तू म्हणायचास, ताई, एका जागी पडलं की बरं दिसत नाही. बस्स, एवढंच. बरं दिसत नाही! तुला तरी धड सांगता आलं असतं तर! आणि समजा आलं असतं, तरी मी ऐकलं असतं का, हाही प्रश्न आहेच.

आणि ढीग झाला की मी यायचे, माझी फळी आणि माझी स्टीलची पळी घेऊन. ढिगावर फळी टाकायची, वर चढायचं आणि बरोब्बर मधून, शेंड्याखालून, हातभर आतला नमुना काढायचा. मला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या केमिस्टनी सांगितलं होतं, पायथ्याचा माल घ्यायचा नाही, तिथे लोकांचे बूट लागतात, चिमण्या घाण करतात, नमुना नेहमी स्वच्छ जागेचा. चौतीस वर्षांत मी कडेचा नमुना एकदाही घेतला नाही. बाकीच्या बाया कडेचं उचलून मोकळ्या व्हायच्या आणि मी त्यांना बोल लावायचे. केवढा तोरा होता मला त्या फळीचा!

त्या दिवशी यंत्राचा पट्टा तुटला आणि ढीग जमिनीवर सोडला. मधे थोडा वेळ तू दोरीपाशी नव्हतास. ते का, ते पुढे लिहिते, मी पळ काढत नाहीये. ढीग उभा राहिला, उंच, टोकदार, अगदी चित्रातल्यासारखा. मी तर म्हटलं, आज छान झालाय. नमुना घेतला. तपासणीचा निकाल दुसऱ्या दिवशी यायचा, तोवर थांबायला कोण बसलंय? पहिलवानानं लोडरचं तोंड थेट ढिगाच्या पोटात घातलं, कारण कडेचा माल घरंगळतो, बकेटीत ठरत नाही. पहिली गाडी भरून गेली ती त्या कुक्कुटपालनवाल्या बाईंकडे. दुसऱ्या दिवशी माझा निकाल आला. मीठ चौपट. मी फोन केला तेव्हा बाईंची पिल्लं पडायला लागली होती. तीनशेच्या वर गेली. बाई फोनवर ओरडल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या, आता मी काय करू ते सांगा. ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

मग काय, मीठ घालणारा एकच माणूस. मीठ उघड्या पिंपातून घमेल्यानं घ्यायचं, किती संपलं हे सांगणार कोण? तेव्हाचे साहेब म्हणाले, विसरभोळेपणानं चारदा घातलंस. तू म्हणालास, एकदाच. त्यांनी परत विचारलं, तू परत म्हणालास, एकदाच. आणि मग तू माझ्या खोलीत आलास. तुझ्या लेकीच्या वहीचा कागद फाडून केलेली पुडी तुझ्या हातात होती. वर पेन्सिलीनं लिहिलेलं, पायथा. टेबलावर ठेवलीस आणि म्हणालास, ताई, हे पण बघ ना. मी काय म्हणाले, ते तुला आठवत असेलच. मी म्हणाले, नमुना घ्यायची एक पद्धत असते. भाऊ आहेस म्हणून तुझा वेगळा तपासला तर लोक मला काय म्हणतील? पुडी तू तिथेच राहू दिलीस. मग गेलास. मी पुडी खालच्या खणात टाकली आणि कागदावर सही केली. तो कागद फाटकाजवळच्या फळ्यावर लागला, तुझ्या नावासकट, माझ्या सहीसकट. चार दिवसांनी तुझं सामान एका पिशवीत मावलं.

अकरा वर्षं झाली. आई गेली तेव्हा तिच्या खाटेच्या या बाजूला मी आणि त्या बाजूला तू, आणि आपण बोललो ते गोळ्या कधी द्यायच्या एवढंच. ती एकदा डोळे उघडून म्हणाली होती, अरे, भांडा तरी. आपल्याला तेही जमलं नाही. मला वाटायचं, चूक तुझी, मग अबोला तू कसा धरतोस! खरं सांगते, मला तुझा रागच यायचा. मी नियमानं वागले, सख्ख्या भावाला पाठीशी घातलं नाही, ह्याचं मला मनातून कौतुक होतं. चारचौघांत सांगायचे नाही, पण होतं.

गेल्या महिन्यात निवृत्तीची आवराआवर म्हणून खालचा खण उपसला. जुने धागे, बुचं, तुटलेला चष्मा आणि तळाशी ती पुडी. कागद पिवळा पडलेला, पेन्सिलीचं अक्षर तसंच. फेकणारच होते. पण खोलीत कुणी नव्हतं, हाताशी वेळ होता, आणि मिठाला काय, अकरा वर्षांत काही होत नाही. तपासली. मीठ जवळजवळ नाहीच. मला वाटलं माझी चूक झाली. पुन्हा केली. नाहीच. चारदा घातलेलं मीठ पायथ्याशी शून्य कसं असेल? ते तर सगळीकडेच चौपट असायला हवं. आणि एकदाच घातलेलं असेल, तर मधे चौपट आलं कुठून? अरे, पायथ्याचंच तर आलं होतं! बाहेरून कुणी एक चिमूटभर टाकलं नव्हतं. ढिगानंच ते इकडचं तिकडे केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कपाटाच्या दोन काचा काढल्या. बोटभर अंतरावर समोरासमोर उभ्या केल्या, कडा चिमट्यांनी आवळल्या. मक्याचा भरडा घेतला, मीठ निळ्या शाईत भिजवून वाळवून बारीक केलं, दोन्ही एकत्र असं कालवलं की कुठे निळं कुठे पिवळं सांगता येऊ नये. मग कागदाची पुंगळी करून वरून एकाच जागी सोडत गेले. मुंगळ्या, तू असायला हवा होतास रे. ढीग चढतो, चढतो, थोडा थांबतो, आणि मग उतारावरून एक थर सरकन खाली येतो. त्या सरकण्यात मोठे दाणे वरच्या वर गडगडत थेट पायथ्याला जातात, आणि बारीक मीठ दाण्यांच्या फटींतून गळून जिथल्या तिथे बसतं. पुन्हा थांबतो, पुन्हा सरकतो. संपलं तेव्हा काचेत मधोमध निळा गाभा उभा होता आणि दोन्ही कडांना पिवळाधमक भरडा. मी स्वतःच्या हातानं नीट कालवलेलं, कुणी न शिवता वेगळं झालं होतं. मी तर तोंडाला पदर लावून बघतच राहिले.

मग पुंगळी हलवत ओतून बघितलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे, तू फिरायचास तशी. निळं सगळीकडे पसरलं, सारखं. अकरा वेळा ओतलं मी. दर वेळी तेच. तेव्हा डोक्यात उजेड पडला की इतकी वर्षं माझ्या फळीवरून काढलेले नमुने बरोबर यायचे ते माझ्या पळीमुळे नाही, तुझ्या दोरीमुळे. तू फिरायचास म्हणून मधलं आणि कडेचं एक असायचं. मी कुठूनही उचललं असतं तरी चाललं असतं. मला वाटायचं मी काटेकोर. रडले मी, सरळ सांगते. खोलीचं दार लावून घेतलं आणि चांगली रडले.

आता त्या मधल्या वेळाकडे येते. शेडमध्ये फोन न्यायला बंदी होती, म्हणून घरचे माझ्या खोलीतल्या फोनवर करायचे. त्या दिवशी दुपारी तुझ्या लेकीचा आला. अकरा वर्षांची होती. कुणीही न धरता सायकल चालवली होती पहिल्यांदा, आणि ते बाबांनाच सांगायचं होतं, आत्ताच्या आत्ता. मी शेडच्या दारातून तुला हाक मारली. तू म्हणालास, ताई, दोरी सोडता येत नाही, तिला म्हणावं घरी आलो की सांग. आणि मी म्हणाले, अरे, पाईप काय पळून जातोय का? पोर हिरमुसेल तिकडे. ते वाक्य माझं. तू आलास. वीस-पंचवीस मिनिटं उभ्यानं ऐकत होतास, कुठलं वळण, कुठला खांब, कुठे पडली, गुडघ्याला किती लागलं. तुझं ते हसणं मी परत पाहिलं नाही. तिकडे पाईप एका जागी ओतत होता; त्या दिवशी माल कमी होता, जवळजवळ सगळा ढीग तेवढ्या वेळातच झाला.

चौकशीत साहेबांनी तुला विचारलं होतं, जागा सोडली होतीस का. तू म्हणालास, नाही. मी तिथेच बसले होते. मला वाटलं, ह्या एवढ्याशा गोष्टीसाठी खोटं कशाला बोलतो? आता कळतं. काय होतं ते तुला नक्की सांगता येत नव्हतं, पण दोरी सुटली म्हणून झालं हे तुझ्या हातांना माहीत होतं. आणि दोरी का सुटली हे सांगितलं असतंस, तर एक मी अडकले असते आणि दुसरं ते पोर. त्या पिल्लांचं ओझं तू तिच्या सायकलवर ठेवलं नाहीस. माझ्यावरही नाही. मी मात्र तुझी पुडी उघडली नाही.

एवढं कळल्यावर मी लगेच लिहायला हवं होतं ना? नाही लिहिलं. तीन आठवडे गप्प बसले. पुडी पर्समध्ये घालून ये-जा करत होते. वाटायचं, महिनाअखेर आलीच आहे, निरोपाचा हार घालून घेऊ आणि घरी जाऊ, आता उकरून कुणाचं भलं होणार? माझी लाज मला सोडवत नव्हती, दुसरं काही नाही. आणि मग गेल्या मंगळवारी माझ्या जागेसाठी मुलाखती होत्या. दार ढकलून पाचवी मुलगी आत आली, आणि चालणं बघूनच मी ओळखलं. तुझी लेक. तुला न सांगता आली होती. अर्जात घरच्यांपैकी इथे कुणी होतं का असा रकाना आहे, त्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, वडील, मिक्सरवर होते, मिठाच्या प्रकरणात काढले, त्यांनी एकदाच घातलं होतं. एवढा पक्का शेवट! नव्या साहेबांनी ते वाचून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, हे काय प्रकरण आहे बाई? मी पर्समधून पुडी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली, आणि सगळ्यांसमोर काचा मांडून ओतून दाखवलं. त्यांना हवं होतं फक्त हो की नाही. त्यांना अर्धा तास बसवून ठेवलं मी.

तिला घेतलंय. आत्या म्हणून मी वशिला लावलेला नाही, तिचे मार्क सगळ्यांत वरचे. आणि मी लेखी दिलंय, नमुना घेण्यात चूक माझी होती, मिक्सरवाल्याची नव्हती. तो कागद आज सकाळी फाटकाजवळच्या त्याच फळ्यावर लागला आहे, तुझ्या नावासकट, माझ्या सहीसकट. पहिलवानानं तो मोठ्यानं वाचला आणि मग नाक शिंकरायला बाहेर गेला. त्या बाईंनाही मी पत्र टाकलंय. त्या काय म्हणतील ते ऐकून घ्यायची तयारी आहे. पण काल तुझ्या लेकीचा फोन आला. म्हणाली, आत्या, बाबा म्हणतात त्या फाटकात पाऊल टाकायचं नाही, का विचारलं तर बोलत नाहीत. तिला नाही कळलं, मला कळलं. इथे कधी ना कधी कुणीतरी तिला सांगेल की दोरी कोणाच्या फोनसाठी सुटली, ह्याची तुला भीती. तो फोन तिचा होता हे इथे तुझ्या-माझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही. कागदात मी लिहिलंय, दोरी सोडायला मी सांगितलं. ते खरं आहे आणि तेवढं पुरे आहे. तिला बाकीचं सांगायचं की नाही, कधी सांगायचं, ते तू ठरव, मी तोंड उघडणार नाही. हे पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी. सोमवारपासून पोती भरायचं यंत्र बदलायला काढणार आहेत, आठवडाभर माल जमिनीवर सोडायचा आहे, आणि तू गेल्यापासून यंत्र बंद पडलं की मिक्सरच थांबवतात, त्यामुळे पाईप कसा फिरवायचा हे या सबंध कारखान्यात कुणाला येत नाही. तू ये. तिचा हात धरून फाटकातून आत ये आणि तिला शिकव. दोरी मी बांधून ठेवली आहे. मधे कुणाचा फोन आला तर खुशाल जा बोलायला, हवा तेवढा वेळ बोल. या वेळी दोरी मी धरते.

तुझी वाट बघणारी,
तुझीच
ताई